किनाऱ्यावर तेल आल्यास रहिवाशांना सफाईच्या कामात कसे सामावून घ्यावे

तेलगळतीची बातमी पसरली की किनाऱ्यावरची माणसे बोलावण्याची वाट पाहत नाहीत. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियातील तेआनच्या किनाऱ्याजवळ ‘हेबेई स्पिरिट’ या जहाजातून १०,००० टनांहून अधिक कच्चे तेल समुद्रात गेले. पुढच्या काही महिन्यांत गोटे पुसण्यासाठी आणि वाळूतले तेल गोळा करण्यासाठी १२ लाखांहून अधिक माणसे तेथे येऊन गेली. त्यामुळे माणसे जमवणे हे या कामातले अवघड अंग नव्हेच. जमलेल्या प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीला आणि अनुभवाला साजेसे काम योग्य वेळी देणे, आणि जेथे त्याची गरज नाही तेथून त्याला न दुखावता दुसरीकडे वळवणे हे खरे कौशल्य आहे. ज्यांच्यावर ही जबाबदारी येऊन पडते, मग ते स्थानिक प्रशासनातले अधिकारी असोत, मच्छीमार संस्थेचे पदाधिकारी असोत किंवा गावातले शिक्षक, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

उत्साहाला शिस्त नसेल तर काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण जपानमधले आहे. जानेवारी १९९७ मध्ये ‘नाखोद्का’ हे रशियन तेलवाहू जहाज दुभंगले आणि त्यातले जड इंधनतेल किनाऱ्यावर आले. ऐन हिवाळ्यात बादल्या आणि लांब दांड्याच्या पळ्या घेऊन हजारो लोकांनी ते उपसले. त्या मोहिमेत पाच स्वयंसेवकांचा मृत्यू झाला. माणसे थकतात, थकल्याचे कबूल करत नाहीत, आणि शेजारचा काम करतो आहे म्हणून थांबत नाहीत. संयोजकाने पहिल्या दिवसापासून हे गृहीत धरूनच नियोजन करावे.

तेल पोहोचण्यापूर्वीचे तास

जहाज किनाऱ्यापासून दूर असेल तर तवंग पोहोचायला काही तास, कधी काही दिवसही लागतात, आणि रहिवाशांच्या हातून होणारे सर्वांत मोलाचे काम नेमके याच अवधीत होते. भरतीरेषेवर साचलेले प्लास्टिक, तुटलेल्या जाळ्या, दोरखंड आणि ओंडके तेल येण्यापूर्वी उचलून उधाणाच्या भरतीचे पाणी पोहोचणार नाही इतक्या वर न्यावेत. तेल लागण्यापूर्वी तो साधा कचरा असतो. तेल लागल्यावर तोच घातक कचरा ठरतो, आणि त्याची वाहतूक, साठवण आणि विल्हेवाट यांचे नियम व खर्च पूर्णपणे बदलतात. वाहून आलेल्या शेवाळाचा थर मात्र सरसकट खरवडू नये, कारण किनाऱ्यावरचे किडे आणि पक्षी त्यावर जगतात. त्या भागात तेल येणार हे निश्चित झाल्यावर आणि जाणकारांना विचारूनच त्याला हात लावावा.

या एका दिवसाच्या कष्टाचे मोल कळण्यासाठी डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताजवळ बुडालेल्या ‘एरिका’ या जहाजाचा हिशेब पाहावा. सुमारे २०,००० टन तेल सांडले आणि किनाऱ्यावरून गोळा झालेला तेलकट कचरा २ लाख टनांच्या वर गेला. याचे एक कारण असे की, समुद्रात घुसळले गेलेले तेल पाणी शोषून घट्ट, तपकिरी लगद्यासारखे होते आणि मूळ तेलाच्या तीन-चार पट जागा व्यापते. दुसरे कारण माणसांच्या हातचे आहे: तेलाबरोबर गरजेपेक्षा जास्त वाळू, आणि आधीच पडून असलेला कचरा उचलला जातो. पहिल्या कारणावर किनाऱ्यावर उभे राहून फारसा इलाज करता येत नाही, दुसऱ्यावर करता येतो.

तेल येण्यापूर्वीच्या या कामात तेलाच्या वाफांचा धोका नसतो. साधे हातमोजे, घट्ट पादत्राणे आणि पोती एवढ्यावर ते होते. म्हणून ज्यांना पुढे तेलाजवळ जाऊ देता येणार नाही, अशा वयस्क माणसांना आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली शाळकरी मुलांनाही येथे सहभागी करून घेता येते. तेल दिसू लागताच मात्र त्यांनी किनारा सोडायचा, हे सुरुवातीलाच ठरवून सांगावे.

याच वेळी दुसरे काम बैठकीच्या खोलीत व्हायला हवे. एक मोठा नकाशा पसरावा आणि भोवती मच्छीमार, कालवे व शिंपल्या गोळा करणाऱ्या स्त्रिया, नावाडी आणि रोज किनाऱ्यावर फिरणारी माणसे बसवावीत. वाहून आलेली वस्तू कोणत्या कोपऱ्यात अडकते, वारा फिरला की ती कुठे सरकते, खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा किती असतो, कोणत्या वाटेने ट्रॅक्टर खाली उतरू शकतो आणि कोणत्या ठिकाणी त्याची चाके रुततात, हे त्यांना विचारून नकाशावर नोंदवावे. ज्या खोबणीत दरवर्षी कचरा साचतो तिथेच तेलही साचणार, हा अंदाज सहसा चुकत नाही. संगणकावर काढलेले प्रवाहाचे अंदाज तवंग कोणत्या किनारपट्टीकडे येतो आहे ते सांगतात, पण तो नेमक्या कोणत्या दोन खडकांमध्ये शिरेल हे तेथे पिढ्यानपिढ्या जाळी टाकणाऱ्याला जास्त ठाऊक असते. माझ्या मते, रहिवाशांच्या सहभागाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. त्यांच्याकडे केवळ हात म्हणून पाहिले जाते आणि त्यांची माहिती वाया जाते.

आदेश कोणाचा, हे आधी ठरवावे

तेलगळतीचे नियंत्रण बहुतेक देशांत कायद्याने तटरक्षक दल, बंदर प्रशासन किंवा पर्यावरण खाते अशा एखाद्या यंत्रणेकडे दिलेले असते. गावाने समांतर मोहीम उघडू नये, तसेच यंत्रणेनेही गावाला दोरीच्या पलीकडे उभे करून ठेवू नये. नोव्हेंबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ‘कॉस्को बुसान’ हे मालवाहू जहाज पुलाच्या आधारखांबाला धडकले, तेव्हा मदतीला आलेल्या रहिवाशांना प्रशिक्षण नसल्याच्या कारणावरून परत पाठवले गेले आणि त्यातून मोठा रोष निर्माण झाला. मॉरिशसमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाजातून सुमारे १,००० टन इंधनतेल खाजणात पसरले, तेव्हा लोकांनी दूर राहण्याची सरकारी सूचना बाजूला ठेवली आणि कापडाच्या लांब नळ्या शिवून, त्यांत उसाचा पाला भरून तरंगते बांध तयार केले. ती कल्पकता आणि ते धैर्य कौतुकास्पदच आहे. पण विषारी वाफा असलेल्या पाण्यात माणसे साध्या कपड्यांत उतरली, हेही तितकेच खरे.

या दोन टोकांच्या मधली वाट न्यूझीलंडने दाखवली. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘रेना’ हे मालवाहू जहाज तौरांगा बंदराजवळच्या पाण्याखालच्या खडकावर आदळल्यावर सुमारे ८,००० स्वयंसेवकांची नोंदणी झाली, आणि त्यांना थोडक्यात शिकवून, साधने देऊन, देखरेखीखाली ठराविक पुळणींवर पाठवले गेले. यासाठी यंत्रणेच्या नियंत्रण कक्षात रहिवाशांच्या वतीने बोलणारी एक व्यक्ती रोज बसली पाहिजे. तिने सकाळी मागणी घेऊन यावी, म्हणजे कोणत्या पट्ट्यात किती माणसे, कोणत्या वेळी हवीत ते समजते, आणि संध्याकाळी गावाकडच्या तक्रारी व निरीक्षणे तेथे पोहोचवावीत.

नोंदणीचे ठिकाण किनाऱ्यापासून दूर, एखाद्या शाळेत किंवा सभागृहात ठेवावे, म्हणजे नोंदणीसाठी आलेला माणूस थेट तेलात उतरत नाही. नाव आणि संपर्क यांखेरीज वय, दमा किंवा हृदयविकार, त्वचेची ॲलर्जी, गर्भारपण, पोहता येते का, होडी चालवता येते का, कोणते वाहन आहे आणि कोणत्या वेळी मोकळीक आहे, एवढे विचारावे. आरोग्याची माहिती चारचौघांत विचारू नये, नाहीतर माणसे ती लपवतात. प्रत्यक्ष तेलाजवळ काम करण्यासाठी अठरा वर्षांखालील कोणालाही, गर्भवती स्त्रियांना आणि श्वसनाचा त्रास असलेल्यांना घेऊ नये. त्यांना नकार देताना लगेच दुसरे काम पुढे करावे: जेवण-पाण्याची व्यवस्था, साधनांचे वाटप, हजेरी, छायाचित्रांची नोंद, दूरध्वनी, कामावर गेलेल्यांच्या मुलांची देखभाल. तेलात हात घालणाऱ्या एका माणसामागे पाठीशी दोन-तीन माणसे लागतात, त्यामुळे ही कामे कमी प्रतीची नव्हेत आणि तसे वाटूही देऊ नये.

मजुरी आणि सेवा यांची गल्लत

मासेमारी बंद झाल्यामुळे ज्याचे उत्पन्न थांबले आहे, त्याच्याकडून विनामूल्य श्रमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि बाहेरून आलेला स्वयंसेवक फुकट राबत असताना शेजारी मच्छीमार मजुरीवर काम करतो आहे, हे दृश्य दोघांनाही खटकते. म्हणून कोणती कामे मोबदल्याची आणि कोणती सेवेची, हे पहिल्याच सभेत सांगून टाकावे. दीर्घकाळ चालणारे, जोखमीचे किंवा होडीचे काम शक्यतो स्थानिक मच्छीमारांना करार करून, मोबदल्यावर द्यावे. एक-दोन दिवसांची हलकी कामे स्वयंसेवकांकडे ठेवावीत. निवड कोणत्या निकषावर झाली ती यादी सर्वांना दिसेल अशी लावावी, कारण मोबदल्याच्या कामात वशिल्याचा संशय एकदा शिरला की गाव दुभंगते. जिच्या नावावर होडी नाही पण जी ओहोटीच्या वेळी शिंपल्या वेचून घर चालवते, ती स्त्री अशा याद्यांतून हमखास गळते. तिची नोंद मुद्दाम शोधून करावी.

नुकसानभरपाईचा विचारही याच दिवशी सुरू होतो. तेलवाहू जहाजांमुळे झालेल्या प्रदूषणासाठी आंतरराष्ट्रीय करारांखाली जहाजमालकाचा विमा आणि त्यावर भरपाई निधी उपलब्ध असतो. संबंधित देश त्या करारांत सहभागी असल्यास सफाईचा वाजवी खर्च आणि मासेमारीचे नुकसान मागता येते, आणि नुकसान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. त्यासाठी कोण, कोणत्या पट्ट्यात, किती तास होते, किती पोती भरली, कोणते साहित्य वापरले, याची रोजची नोंदवही आणि तारखेसह छायाचित्रे लागतात. महिन्यानंतर आठवून लिहिलेली नोंद कोणी मानत नाही.

शरीराची काळजी

ताज्या कच्च्या तेलातून पहिल्या एक-दोन दिवसांत बेंझीनसारख्या घातक वाफा सर्वाधिक निघतात आणि आग लागण्याचा धोकाही याच काळात असतो. म्हणून यंत्रणेने हवा मोजून परवानगी देईपर्यंत रहिवाशांना तवंगापासून दूर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ठेवावे. वास येत नाही म्हणून धोका नाही असे समजू नये. स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावर २००२ साली ‘प्रेस्टीज’ जहाजाच्या गळतीनंतर सफाई केलेल्या मच्छीमारांच्या पाहणीत वर्ष-दोन वर्षांनंतरही श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळल्या, आणि जे जास्त दिवस राबले त्यांच्यात त्या जास्त होत्या. त्यामुळे एकाच माणसाने सलग कितीही दिवस काम करण्याचा मोठेपणा नाकारावा. आळीपाळीने विश्रांती सक्तीची करावी.

हातमोजे नायट्राइलचे, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे असावेत. सुती हातमोजे तेल शोषून कातडीला लावून ठेवतात आणि साधे रबर लवकर फुगते. अंगभर झाकणारा डगला, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि शिंतोड्यांसाठी चष्मा हवा, आणि बाह्या हातमोज्यांवर चिकटपट्टीने बंद कराव्यात. धुळीसाठी वापरला जाणारा कापडी मुखपट्टा तेलाच्या वाफा अडवत नाही. ज्या ठिकाणी वाफांसाठी गाळणीचा मुखवटा लागतो ते ठिकाण स्वयंसेवकांचे नव्हे, एवढा साधा नियम ठेवला तरी पुष्कळ अनर्थ टळतात. या पोशाखात उन्हाचा त्रास फार लवकर होतो, म्हणून उष्ण हवेत अर्धा तास काम आणि त्यानंतर सावलीत विश्रांती व पाणी, असा क्रम घड्याळ लावून पाळावा. अंगाला तेल लागल्यास आधी खाद्यतेल चोळून ते सोडवावे आणि मग साबणाने धुवावे. रॉकेल किंवा पेट्रोलने हात धुण्याची सवय सक्त मना करावी.

पुळणीवरचे काम

किनाऱ्याचे तीन पट्टे दोरीने आखावेत: तेलाचा, धुण्या-बदलण्याचा आणि स्वच्छ. तेलाच्या पट्ट्यातून बाहेर येण्याची वाट एकच असावी आणि मधल्या पट्ट्यात बूट, डगले उतरवल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. खाणेपिणे आणि विडी-सिगारेट फक्त स्वच्छ पट्ट्यात, धूम्रपान तर तेलापासून पुष्कळ दूर. साधारण दहा जणांच्या गटावर एक प्रशिक्षित मुकादम असावा. त्याने स्वतः फावडे हाती घेऊ नये, कारण खाली वाकलेल्या मुकादमाला भरती वर चढताना दिसत नाही. भरती-ओहोटीच्या वेळा फलकावर लिहून कामाची वेळ त्यांवरूनच ठरवावी.

प्रत्यक्ष काम पाण्याच्या कडेपासून नव्हे, तर तेल जिथे दाट साचले आहे तिथून सुरू करावे, कारण पुढची भरती तेच तेल उचलून स्वच्छ जागी नेऊन टाकते. वाळूवरचा थर चपट्या फावड्याने वरवर खरवडावा. खोल खणले की घमेल्यात तेल कमी आणि वाळू जास्त येते. तेलावरून चालू नये आणि बिनगरजेची अवजड यंत्रे उतरवू नयेत, कारण पावले आणि चाके तेलाला खाली दाबतात आणि एका सकाळीत संपणारे काम महिनाभर लांबते. पिशव्या जाड घ्याव्यात, पण दहा-बारा किलोंच्या वर भरू नयेत. कडेपर्यंत भरलेली पिशवी उचलताना फाटते आणि पाठही दुखावते. पातळ तेल, तेलकट वाळू, तेलकट कचरा आणि वापरलेले हातमोजे-डगले वेगवेगळे ठेवावेत. तात्पुरता साठा उधाणाच्या रेषेच्या वर, जाड ताडपत्री अंथरून, पावसापासून झाकून करावा. मिसळलेला कचरा नंतर वेगळा करणे जवळजवळ अशक्य असते.

पेंढा, केस किंवा कापूस भरून घरी बनवलेले तरंगते बांध शांत पाण्यात काही काळ उपयोगी पडतात. भिजून जड झाले की ते बुडतात किंवा शोषलेले तेल परत सोडतात. म्हणून ते बदलण्याची माणसे आणि वेळ आधीच ठरवावी. सुटा पेंढा पाण्यावर फेकणे तर टाळावेच, कारण नंतर तो एकेक काडी करून वेचावा लागतो.

जेथे हात लावू नये

कांदळवन, खाजण आणि चिखलाची जमीन यांत स्वयंसेवकांना उतरवू नये. तेथे तेलापेक्षा पावलांनी होणारे नुकसान जास्त असते, कारण चिखलात दाबलेले तेल प्राणवायूअभावी वर्षानुवर्षे तसेच राहते. लाटांच्या माऱ्यातले खडक समुद्र स्वतःच धुतो. हे बघ्यांना पटवणे कठीण जाते. काळा खडक समोर असताना ‘थांबा’ म्हणणारा संयोजक निष्क्रिय वाटतो. अशा वेळी दोन जुन्या घटना सांगाव्यात. मार्च १९६७ मध्ये ‘टॉरी कॅनियन’ जहाजाच्या गळतीनंतर इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खडकांवर विषारी द्रावके ओतली गेली आणि ती ओतलेले किनारे, न ओतलेल्या किनाऱ्यांपेक्षा कितीतरी उशिरा सावरले. अलास्कात १९८९ साली ‘एक्झॉन व्हाल्डेझ’नंतर गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी खडक चकचकीत झाले, पण त्यांवरचे तेलातून वाचलेले जीवही मेले. म्हणून घरातली साबणाची भुकटी किंवा फवारणीयंत्र घेऊन कोणी किनाऱ्यावर येणार नाही, याची दक्षता घ्यावी.

तेलाने माखलेला पक्षी दिसला की त्याला पकडून धुण्याची इच्छा होते. ती आवरायला लावावी. पाठलाग केलेला पक्षी पुन्हा पाण्यात शिरतो आणि थंडीने मरतो. चोचीने डोळ्याला इजाही होते. ठिकाण व वेळ नोंदवून प्रशिक्षित पथकाला कळवावे, आणि ते येईपर्यंत कुत्र्यांना व गर्दीला दूर ठेवावे. हे काम एखाद्या शांत स्वभावाच्या माणसाकडे द्यावे.

कधी थांबायचे

किती स्वच्छ झाले म्हणजे पुरे, हे काम सुरू होण्यापूर्वीच यंत्रणा आणि रहिवासी यांनी मिळून, प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळे ठरवावे. लोक जेथे पोहतात त्या पुळणीवर हाताला तेल लागता कामा नये. निर्जन खडकाळ भागात वाळलेला डाग राहिला तरी चालतो. ठरलेली कसोटी लेखी ठेवावी आणि शेवटची पाहणी दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र चालून करावी. मासेमारी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय मात्र किनारा कसा दिसतो यावर नव्हे, तर माशांच्या व शिंपल्यांच्या तपासणीवर अवलंबून ठेवावा, आणि तपासणीसाठी नमुने घेताना मच्छीमारांचे प्रतिनिधी हजर असावेत, म्हणजे निकालावर त्यांचाही विश्वास बसतो.

पथके परतल्यानंतरही वाळूखाली गाडले गेलेले तेल वादळानंतर किंवा उधाणाच्या भरतीनंतर वर येते आणि डांबरगोळे पुन्हा दिसू लागतात. त्यासाठी मोहिमेतल्याच काही रहिवाशांना किनाऱ्याचा एकेक पट्टा वाटून द्यावा. प्रत्येक उधाणानंतर त्यांनी ओहोटीच्या वेळी ठराविक जागी फावड्याने उथळ खड्डा घेऊन पाहावे, आढळलेल्या थराची खोली व जाडी नोंदवहीत लिहावी, आणि पुढच्या किमान एका वर्षासाठी ती वही कोणाकडे राहील व तेल दिसल्यास कोणत्या क्रमांकावर कळवायचे, हे पथके निघण्यापूर्वी निश्चित करून घ्यावे.